कामटी किती ताणायची?

यंदा संक्रांतीला पुण्यात घरी होतो. गच्चीवर पुतण्या पतंग घेऊन आला. पतंग उडवण्याआधी त्याची उभी कामटी डोक्यावर ठेवून हलकेच वाकवतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. "काका, असंच ना?" असं विचारेपर्यंत ताडकन आवाज आला आणि पंधरा रुपयांचा पतंग कामातून गेला. त्याला म्हटलं, अरे, जरासाच बाक द्यायचा असतो. बाक नसेल तर पतंग वारा धरत नाही, आणि जास्त झाला तर हे असं होतं.

हे ज्ञान मला पतंगातून मिळालेलं नाही. ते मिळालं सॅन दिएगोला, २००७ साली, रूममेटच्या तळपायाला पडलेल्या सात टाक्यांतून. तो किस्सा सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो. मूळ विषय म्हणजे शिडातल्या कामट्यांचा इतिहास. (हसू नका. वाचा तर खरं.)

तेव्हा मी ऑनसाइट होतो. तिघा मराठी पोरांनी मिळून एक जुनी हॉबी १६ विकत घेतली होती, क्रेगलिस्टवर, जवळजवळ भंगाराच्या भावात. हॉबी १६ म्हणजे छोटी कॅटमरान. केळ्यासारखे वर वाकलेले दोन निमुळते सांगाडे, मध्ये ट्रॅम्पोलिनसारखं ताणलेलं कापड, एक डोलकाठी आणि दोन शिडं. लांबी पाच मीटरच्या किंचित वर. शिडात आडवे लांबट खिसे शिवलेले असतात आणि प्रत्येक खिशात फायबरग्लासची एक लांब पट्टी जाते. तिला बॅटन म्हणतात. मी आपलं कामटीच म्हणणार, कारण वस्तू तीच आहे. कामटीचं एक टोक डोलकाठीकडच्या कडेला टेकतं आणि मागच्या टोकाला दोरीने गाठ मारायची असते. गाठ जितकी आवळाल तितकी पट्टी दाबली जाऊन वाकते, आणि शिडाला पोट येतं.

मी इंजिनियर. घट्ट म्हणजे चांगलं, असा माझा साधा समज. सगळ्या गाठी दात-ओठ खाऊन आवळल्या. शीड वर चढलं तेव्हा इतकं गोलगरगरीत दिसत होतं की आम्ही फोटो काढले.

वारा अगदी मंद होता. मिशन बे नावाची खाडी आहे, तिथून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडांचे बांध आहेत. ओहोटी लागलेली. आम्हाला होडी वाऱ्यातून वळवून परत यायचं होतं. सुकाणू वळवलं, होडीचं तोंड वाऱ्यात आलं आणि शीड पलटेचना! कामट्या इतक्या ताणलेल्या की बाक जुन्याच बाजूला अडकून बसला. काही पलटल्या, काही नाही, शिडाचा नुसता नागमोडी आकार झाला. होडी थांबली आणि मागे जायला लागली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मागे दगड दहा हातांवर दिसले, तेव्हा रूममेटने पाण्यात उडी मारून पायाने होडी रोखली. दगडांवर कालवं होती, धारदार. त्या दिवशी ट्रॅम्पोलिनवर जे रक्त सांडलं ते मी अजून विसरलेलो नाही. आणि तो, बिचारा, मलाच धीर देत होता.

किनाऱ्यावर नेहमी दिसणारे एक आजोबा होते. त्यांनी शीड उतरवताना पाहिलं, गाठी चाचपल्या आणि एवढंच विचारलं की हे कोणी बांधलं. मग दाखवलं. खिशावर आडव्या सुरकुत्या राहणार नाहीत इतपतच ताण द्यायचा, त्यापुढे उगाच नाही. मंद वाऱ्यात शीड पलटलं नाही तर आडवा दांडा धरून एक झटका द्यायचा, सगळ्या कामट्या खटाखट पलटतात. एक झटका! सात टाके त्या एका झटक्याने वाचले असते.

तर तेव्हापासून मला प्रश्न पडला की मुळात शिडात कामट्या घालायचं कोणाच्या डोक्यात आलं? आपल्या कोकणातल्या शिडाच्या होड्यांत तर त्या नसत. तिरक्या लांब लाकडाला बांधलेलं तिकोनी कापड, वाऱ्याने फुगेल तसं फुगेल. अरबी, पोर्तुगीज, इंग्रज, सगळ्यांची शतकानुशतकं कामटीवाचून गेली.

उत्तर चीनमध्ये आहे. चिनी जंक जहाजांची चित्रं तुम्ही पाहिली असतील, वटवाघळाच्या पंखासारखं शीड असलेली. त्या पंखाच्या शिरा म्हणजे बांबूच्या कामट्या, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सलग. पूर्वी शीड कापडाचं नसायचंच, विणलेल्या चटईचं असायचं. चटई स्वतःच्या बळावर वारा सोसू शकत नाही, म्हणून बांबूचा पिंजरा. प्रत्येक कामटीच्या मागच्या टोकाला स्वतंत्र दोरी, त्या सगळ्या दोऱ्या पुढे एकत्र केलेल्या. वाऱ्याचा जोर असा वाटला गेला की कापड जुनं, ठिगळांचं, फाटकं असलं तरी चालतं. एक कप्पा फाटला तर बाकीचे शाबूत राहतात. वादळ आलं तर दोरी सोडायची, शीड पडद्यासारखं घडी होत खाली येतं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणजे दुसरं काय असतं? एका नोडच्या मरणाने सिस्टिम मरत नाही.

पण इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. चिनी कामटी ओझं वाहते. आकाराशी तिला फारसं देणंघेणं नाही, तिचं शीड बरंचसं सपाटच असतं. हॉबीच्या शिडातली कामटी मात्र आकारासाठी आहे. वस्तू तीच, काम वेगळं. मधल्या काळात असं काय झालं?

१८७०-८०च्या दशकात इंग्लंडमध्ये शिडाच्या कनूंचं वेड पसरलं होतं. वॉरिंग्टन बेडन-पॉवेल, म्हणजे स्काउटवाल्या बेडन-पॉवेलचा मोठा भाऊ, या वेडातला म्होरक्या. त्याच्या 'नॉटिलस' नावाच्या कनू प्रसिद्ध आहेत. या मंडळींनी छोट्या होड्यांत कामट्यांची शिडं वापरली, मुख्यतः शीड पटकन लहान करता यावं म्हणून. म्हणजे अजून चिनी उपयोगच चालू होता.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी गोष्ट घडत होती. १८७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कला शर्यती झाल्या. नथॅनियल हेरशॉफ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनियर आपली 'अमॅरिलिस' घेऊन आला. दोन सांगाड्यांची होडी. तिने सगळ्यांना असं मागे टाकलं की हरलेल्यांनी तक्रार केली, ही होडीच नव्हे! बक्षीस नाकारलं गेलं. पुढच्या वर्षी त्याने पेटंट घेतलं, पण कॅटमरान शर्यतींतून जवळजवळ हद्दपार झाली. हेरशॉफ निमूटपणे एका सांगाड्याच्या होड्यांकडे वळला आणि १८९३ ते १९२० या काळात अमेरिकाज कप राखणाऱ्या एकामागून एक नौका त्याच्या डिझाइनच्या होत्या. माणूस हरला नाही, पण कॅटमरान मात्र सत्तरेक वर्षं मागे पडली. कमिटीला न पटलेलं चांगलं डिझाइन कपाटात जातं, हे तुमच्या-माझ्या ऑफिसात पण होतं, नाही का? असो.

कॅटमरान या शब्दाबद्दल थोडं विषयांतर. शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेली लाकडं, आपल्या भाषेत तराफा. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी वापरतात तो. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्द्याच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनात हा शब्द येतो. दोन सांगाड्यांच्या होडीशी त्याचा संबंध नाही. ती कल्पना पॅसिफिकमधल्या बेटांवरची. नाव तमिळ, कल्पना पॉलिनेशियन, कामटी चिनी, आणि स्टिकर कॅलिफोर्नियाचं!

आता आकाराकडे येऊ. १९२५ साली म्युनिकच्या मॅनफ्रेड करीने शिडांच्या वायुगतिशास्त्रावर पुस्तक लिहिलं. विमानं नवी होती, पंखांचा अभ्यास जोरात होता, आणि करीने पक्ष्यांचे पंख आणि शिडं शेजारी ठेवून पाहिली. शीड म्हणजे वाऱ्याने ढकलायची पिशवी नव्हे, तो उभा केलेला पंख आहे, हा विचार तिथून शर्यतवाल्यांच्या डोक्यात रुजला. आणि पंख म्हटला की त्याचा आकार हवेवर सोडून चालत नाही.

कॅटमरानला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. का, ते स्कूटरवरून समजतं. स्कूटर उभी असताना वारा बाजूने लागत असेल, पण साठच्या स्पीडने निघालात की तो सरळ तोंडावर येतो. वेगवान होडीचं तसंच. ती जितकी पळते तितका तिला लागणारा वारा पुढून येतो. साधं शीड अशा वेळी फडफडायला लागतं, आकार जातो. आत सलग कामट्या असतील तर आकार टिकतो. दुसरा फायदा म्हणजे शिडाची मागची कड सरळ न कापता बाहेर फुगीर ठेवता येते. त्यामुळे डोलकाठीची उंची न वाढवता क्षेत्रफळ वाढतं. कामटीशिवाय तो फुगीर भाग वहीच्या पानासारखा दुमडून पडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅटमरान परत आली ती दोन टोकांना एकदम. हवाईत वुडी ब्राउन नावाचा ग्लायडर उडवणारा माणूस युद्धाच्या काळात ख्रिसमस बेटावर कामाला होता. तिथल्या लोकांच्या होड्या पाहून त्याने १९४७ साली साथीदारांबरोबर 'मनु काई' बांधली. इंग्लंडमध्ये रोलंड आणि फ्रान्सिस प्राउट हे भाऊ १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कयाक स्पर्धेत उतरले होते. त्यांनी दोन कयाक शेजारी शेजारी बांधून त्यावर शीड चढवून पाहिलं आणि त्यातून १९५४च्या सुमारास 'शिअरवॉटर' आली. पुढे १९६७ साली रॉडनी मार्चचं 'टॉर्नेडो' आलं. १९७६ साली ते ऑलिंपिकमध्ये गेलं, आणि पहिलं सुवर्णपदक रेग व्हाइट आणि जॉन ऑस्बोर्न या ब्रिटिश जोडीने घेतलं. व्हाइटनेच ती होडी बांधायला घेतली होती. स्वतःचं प्रॉडक्ट स्वतः वापरायचं ते असं.

आणि हॉबी. होबार्ट आल्टर, जन्म १९३३. बापाच्या गॅरेजमध्ये सर्फबोर्ड बनवणारा पोरगा. १९५८ साली गॉर्डन क्लार्कबरोबर त्याने लाकडाऐवजी फोमचे बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि तो धंदाच बदलून टाकला. त्याच्याबद्दल नेहमी सांगतात की आयुष्यात कडक तळव्याचे बूट घालायचे नाहीत आणि समुद्रकाठच्या हायवेच्या पलीकडे नोकरी करायची नाही, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. (हे मी बेलापूर लोकलमध्ये पहिल्यांदा वाचलं होतं. काय वाटलं असेल कल्पना करा.) १९६८च्या सुमारास हॉबी १४ आली आणि पाठोपाठ हॉबी १६. बंदर नको, धक्का नको. वाळूतून ढकलायची आणि बसायचं. पाण्याखाली जाणारी फळी नाही, कारण सांगाड्याची आतली बाजू फुगीर आणि बाहेरची सपाट ठेवली की तोच फळीचं काम करतो. आजवर एक लाखाहून जास्त हॉबी १६ बनल्या आहेत.

कामट्या पूर्वी लाकडाच्या असत. ओल्या व्हायच्या, वाकड्या व्हायच्या, मोडायच्या. फायबरग्लासने ते संपलं. आता फोमवर कार्बन गुंडाळलेल्याही मिळतात. पण मुख्य युक्ती साहित्यात नाही, जाडीत आहे. चांगली कामटी पुढे पातळ आणि मागे जाड असते. दाबली की ती मधोमध वाकत नाही, पुढच्या पातळ भागात वाकते, म्हणून शिडाचं पोट पुढे राहतं आणि मागचा भाग सपाट. सोसाट्याच्या वाऱ्यात लेचीपेची कामटी असेल तर पोट मागे सरकतं, शीड वारा मागे सोडून न देता धरून ठेवतं आणि होडी पुढे जाण्याऐवजी कलंडायला लागते. हॉबी १६ची तर अशा वेळी पुढची टोकं पाण्यात खुपसून कोलांटी मारण्याची ख्याती आहे. दोघे हवेत. आम्ही हा प्रयोगही केला आहे, पण तो वेगळ्या शनिवारी.

म्हणून ताण ठरवावा लागतो. मंद-मध्यम वाऱ्यात थोडं पोट हवं. जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं, म्हणून गाठी थोड्या सैल. लोकांना नेमकं उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पट्टी दाबल्यावर ती वाकणारच, घट्ट गाठ म्हणजे जास्त पोट, हे एकदा डोक्यात शिरलं की गोंधळ संपतो. अगदी मंद वाऱ्यात तर जास्त पोट कामाचं नाही, कारण मग ते पलटत नाही. शिवाय सगळ्या कामट्यांना सारखा ताण देऊनही चालत नाही. आखूड, वरच्या कामट्या खालच्या लांब कामट्यांपेक्षा अवघड वाकतात.

आणि एक मोठी अडचण. शिडाची दोरी, डोलकाठीजवळ शीड खाली ओढायची दोरी, या पाण्यात असताना बदलता येतात. कामट्यांच्या गाठी नाही. त्या वाळूवर बसून, शीड चढवण्याआधी बांधायच्या. आपल्या भाषेत, बाकीचं सगळं रनटाइमला, कामटी मात्र कंपाइल टाइमला. सकाळी आठला किनाऱ्यावर बसून दुपारी दोनचा वारा ओळखायचा. हॉबी १६च्या जागतिक स्पर्धेत तर होड्या आयोजकच देतात, सगळ्यांना सारख्या. घरून सुपर होडी बांधून आणायची सोयच नाही. मग अशा बारीकसारीक गोष्टींतच माणसामाणसांतला फरक दिसतो.

कामटीने आकार धरायला सुरुवात केल्यावर लोक तिथे थांबणार थोडेच. सी क्लास कॅटमरानच्या शर्यतींत १९७०च्या दशकात कापड जाऊन सरळ कडक पंखच आले, विमानासारखे, डोलकाठीच्या जागी उभे. आणि १९८८ साली, आमच्या त्या सॅन दिएगोलाच, अमेरिकेने असल्या पंखाची साठ फुटी कॅटमरान न्यूझीलंडच्या कितीतरी मोठ्या, एका सांगाड्याच्या होडीसमोर उभी केली. जिंकली. आणि न्यूझीलंडवाले कोर्टात गेले. न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९८९ साली कप न्यूझीलंडला दिला, मग वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि १९९० साली तो सॅन दिएगोकडेच कायम झाला. १८७६ सालची तीच तक्रार, शहर तेच न्यूयॉर्क, फक्त या वेळी वकील जास्त होते :-) २०१३ साली खुद्द अमेरिकाज कपच कॅटमरानवर खेळला गेला, पंखांसकट. दुसरीकडे टॉर्नेडो २००८नंतर ऑलिंपिकमधून गेलं. २०१६ साली एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीसाठी नाक्रा १७ आली, आणि ते सुवर्णपदक अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगे आणि सेसिलिया कारान्सा यांनी घेतलं. लांगे चोपन्न वर्षांचा होता, आदल्याच वर्षी कॅन्सरमुळे फुप्फुसाचा भाग काढलेला.

चिनी शीडही संपलं नाही. ब्लाँडी हॅस्लर हा ब्रिटिश मरीन अधिकारी, महायुद्धात कयाकने बोर्दोच्या बंदरात घुसलेल्या तुकडीचा प्रमुख. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, तेव्हा त्याने आपल्या छोट्या 'जेस्टर'वर चिनी पद्धतीचं कामट्यांचं शीड लावलं. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचून पहिला आला, हॅस्लर ४८ दिवसांत दुसरा. पण हॅस्लरने शीड मध्यभागच्या झडपेतून डोकं काढून सांभाळलं, वादळात डेकवर जायची गरज नाही. दमून आलेल्या माणसाला पहिल्या नंबरापेक्षा ही सोय मोठी वाटेल, असं मला आता पंचेचाळिशीत वाटतं. पंचविशीत नसतं वाटलं.

आमची होडी २००९ साली प्रोजेक्ट संपल्यावर विकली. तोवर प्रत्येक कामटीवर मार्करने नंबर टाकलेला होता आणि गाठ कुठवर ओढायची याची दोरीवर खूण. रूममेटचा पाय बरा झाला, पण थंडीत तो व्रण अजून दुखतो आणि तो न चुकता मला फोन करून तसं कळवतो. होडी घ्यायला कॉलेजातली दोन पोरं आली होती. शीड गुंडाळण्याआधी रूममेटने एकेक गाठ सैल केली, कारण ताण ठेवून शीड ठेवलं तर कामट्या तशाच वाकड्या राहतात. पोरांपैकी एकाने विचारलं, किती घट्ट बांधायच्या? रूममेट त्याला काही बोलला नाही. चप्पल काढून त्याने तळपाय दाखवला.